नोट धुवावी की हात?

गुढीपाडव्याचा दिवस होता, २५ मार्च २०२०. त्या दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि पुढच्या पंधरवड्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांत एक नवेच दृश्य दिसू लागले. गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल आणि सदऱ्यांच्या शेजारी दहा, वीस, शंभराच्या नोटा चिमट्यांत अडकून वाळत होत्या. कुणी त्या साबणाच्या पाण्यातून काढलेल्या, कुणी सॅनिटायझर फवारलेल्या, तर कुणी त्यांवर गरम इस्त्री फिरवून मग कपाटात ठेवीत. दूधवाल्याने परत दिलेली वीसची नोट दोन बोटांच्या टोकांनी उचलून रिकाम्या डब्यात टाकायची आणि तीन दिवस त्या डब्याकडे कुणी फिरकायचे नाही, असा दंडक अनेक घरांतील ज्येष्ठांनी घालून दिला होता. महावीर जन्मकल्याणक त्या वर्षी ६ एप्रिलला घरातल्या घरातच साजरे झाले. ज्या लक्ष्मीला डोळ्यांना लावून तिजोरीत ठेवायचे, तिलाच आता दाराबाहेर थांबवून आंघोळ घालण्याची वेळ आली होती.

त्या भीतीला आज हसणे सोपे आहे. परंतु तेव्हा माहिती तुटपुंजी होती आणि नोटेविषयीचा संशय काही अगदीच निराधार नव्हता. नोट हा असा कागद आहे की जो दिवसभरात मासळीवालीच्या टोपलीपासून औषधांच्या दुकानापर्यंत कुठेही फिरून येतो आणि कुणाच्या हातून आला हे कधीच सांगत नाही. दिल्लीच्या एका शासकीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून १०, २० आणि १०० रुपयांच्या नोटा गोळा करून २०१५ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या नोटांवर किमान ७८ रोगकारक सूक्ष्मजीवांचे जनुकीय अंश सापडले होते. हा आकडा २०२० मध्ये मोबाईलवरून घरोघर फिरला. मात्र त्यातील महत्त्वाची गोष्ट निसटली. जनुकीय अंश सापडणे म्हणजे जिवंत जंतू सापडणे नव्हे. चुलीत राख सापडली म्हणून विस्तव पेटलेला असतोच असे नाही.

त्याच सुमारास अनेक वृत्तपत्रांत असे छापून आले की, नोटांमुळे कोरोना पसरतो असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. असा इशारा आपण दिलेला नाही, पैसे हाताळल्यावर हात धुवावेत एवढेच आपले म्हणणे आहे, असा खुलासा संघटनेने मार्च २०२० मध्येच केला. खुलासे मूळ बातमीइतक्या वेगाने धावत नाहीत, हा नेहमीचाच अनुभव.

दुसरीकडे रोखीवाचून गत्यंतर नव्हते. रिझर्व्ह बँकेने १६ मार्च २०२० रोजी पत्रक काढून डिजिटल व्यवहारांचा पर्याय वापरण्याचे आवाहन केले. बँकांच्या संघटनेनेही ‘कोरोना से डरो ना, डिजिटल करो ना’ अशी मोहीम काढली. पण कल्याणच्या बाजार समितीतून पहाटे भाजी उचलणारा किरकोळ विक्रेता, जांभळी नाक्यावरची लिंबू-मिरची विकणारी मावशी, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षाचालक, इस्त्रीवाले यांचे सारे जग रोखीचेच होते. केंद्र शासनाने महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा केले. गर्दी टाळण्यासाठी खातेक्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार ३ एप्रिलपासून दिवस वाटून दिले. तरीही बँकांच्या दारात रांगा लागल्याच, कारण हातात दुसरा पैसाच नव्हता. कोणत्याही बँकेच्या एटीएममधून पैसे काढण्याचे शुल्क तीन महिन्यांसाठी माफ झाले होते. आणीबाणीला हाताशी असावी म्हणून मध्यमवर्गीयही रोख काढून ठेवू लागले. परिणामी ज्या नोटेला सगळे भीत होते, तिचेच प्रमाण वाढले. रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार २०२०-२१ या वर्षात चलनातील नोटांचे मूल्य १६.८ टक्क्यांनी वाढले. आदल्या वर्षी ही वाढ १४.७ टक्के होती.

या साऱ्या नोटा कुणीतरी मोजत होतेच. उपनगरी लोकल गाड्या बंद होत्या. १५ जून २०२० पासून त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, तोवर बदलापूर-डोंबिवलीचा रोखपाल बस बदलत, कधी दुचाकीवरून मागे बसून शाखेत पोहोचत होता. समोर प्लास्टिकचा पडदा, तोंडावर मुखपट्टी, आणि हातात दिवसभर शेकडो अनोळखी माणसांच्या नोटा. जुलैमध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या हद्दीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली, तेव्हाही बँकेचे काम चालूच राहिले. डॉक्टर, परिचारिका, पोलीस यांच्यासाठी टाळ्या वाजल्या आणि त्या योग्यच होत्या. रोखपालाची आठवण मात्र फारशी कुणाला झाली नाही.

विषाणू नोटेवर किती काळ टिकतो, या प्रश्नाची उत्तरे हळूहळू येत गेली आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून गोंधळ वाढला. २०२० च्या वसंतात हाँगकाँगच्या संशोधकांना प्रयोगशाळेतील नोटेवर चौथ्या दिवशी संसर्गक्षम विषाणू सापडला नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ऑक्टोबरमध्ये सांगितले की, २० अंश तापमानाला तो काच आणि नोटांवर २८ दिवसही तग धरू शकतो. या २८ दिवसांच्या बातमीने पुन्हा घबराट उडाली. पण तो प्रयोग अंधारात, स्थिर तापमानात केलेला होता. त्याच अभ्यासात तापमान ४० अंशांवर नेताच विषाणूचे आयुष्य झपाट्याने घटले, हे मथळ्यात आले नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात डोंबिवलीच्या पत्र्याखालच्या दुकानातील गल्ल्यात काय तापमान असते, ते सांगायला नको. बँक ऑफ इंग्लंडने करविलेल्या अभ्यासात नोटेवर टाकलेल्या विषाणूचे प्रमाण पहिला तासभर टिकले आणि सहा तासांत ५ टक्के किंवा त्याहून खाली आले.

सर्वांत उपयोगी प्रयोग मात्र जर्मनीतील बोखुम विद्यापीठाने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या सहकार्याने केला. १० युरोच्या नोटेवर विषाणू ३ दिवसांपर्यंत सापडला, तांब्याचा मुलामा असलेल्या ५ सेंटच्या नाण्यावर तो तासाभरातच नाहीसा झाला. पण त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. नोटेवरचा विषाणू बोटाला लागतो का? ओला थेंब असताना लागतो, वाळल्यावर जवळजवळ नाही, असे उत्तर मिळाले. नोटेवर विषाणू असणे ही एक गोष्ट आणि तो नोटेवरून बोटावर, बोटावरून नाका-तोंडात पोहोचणे ही दुसरी. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर तो गळत जातो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. खरा धोका समोरच्या माणसाच्या श्वासात होता. दुकानात खेटून उभे राहून, मुखपट्टी हनुवटीवर ओढून, नोट तेवढी चिमट्याने घेणारे ग्राहक तेव्हा कमी नव्हते.

आता नोट धुण्याविषयी. आपली नोट साध्या कागदाची नसते. ती कापसाच्या तंतूंपासून केलेली असते, म्हणून चुकून खिशात राहून धुलाई यंत्रातून निघाली तरी फाटत नाही. पण न फाटणे म्हणजे सुखरूप राहणे नव्हे. साबणाने तिचा कडकपणा जातो, घासल्याने छपाईतील उठाव झिजतो, सॅनिटायझरने काही ठिकाणी शाई पसरते, आणि इस्त्रीच्या उष्णतेने सुरक्षा धागा आक्रसतो. हीच चिन्हे पाहून रोखपाल आणि यंत्र नोट खरी की खोटी हे ठरवितात. अतिस्वच्छतेच्या नादात आपण खऱ्या नोटेची ओळखच पुसून टाकतो.

दक्षिण कोरियात हा प्रकार टोकाला गेला. सोलजवळच्या आन्सान शहरात एका माणसाने घरातील मृत्यूनंतर सांत्वनादाखल आलेल्या नोटा विषाणूच्या भीतीने धुलाई यंत्रात टाकल्या. त्यांतील पुष्कळशा फाटल्या, आणि मध्यवर्ती बँकेने नियमाप्रमाणे काहींचे पूर्ण, काहींचे निम्मे मूल्य दिले. दुसऱ्या कुणी नोटा मायक्रोवेव्हमध्ये घातल्या आणि त्या करपल्या, कारण नोटेतील धातुमय भाग त्या यंत्रात ठिणग्या धरतो. शेवटी नोटा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, असे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला सांगावे लागले. आपल्याकडेही एप्रिल २०२० मध्ये एका बँकेच्या रोखपालाची चित्रफीत गाजली होती. तो ग्राहकाचा धनादेश चिमट्याने धरून त्यावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवीत होता. पाहणारे हसले, पण त्या माणसाच्या जागी बसलेल्यांना हसू आले नसेल.

मोठ्या प्रमाणावर नोटा निर्जंतुक करण्याचे उपाय सरकारी पातळीवर झाले. चीनच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२० मध्ये नोटांवर अतिनील किरणे किंवा उच्च तापमानाची प्रक्रिया करून त्या ७ ते १४ दिवस वेगळ्या ठेवण्याचे जाहीर केले. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेने ‘नोट्सक्लीन’ नावाचे यंत्र तयार केले. त्यात सुट्या नोटा एकेक करून अतिनील दिव्यांखालून जातात. ‘एकेक करून’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. प्रकाश जिथे पोहोचतो तिथेच ही किरणे काम करतात. शंभर नोटांची गड्डी दिव्याखाली ठेवली तर वरची आणि खालची नोट सोडून आतल्या अठ्ठ्याण्णव जशाच्या तशा राहतात. त्या काळात घरगुती वापरासाठी विकल्या गेलेल्या निळ्या प्रकाशाच्या पेट्या घेतलेल्यांनी याचा विचार केला होता का, कोण जाणे. शिवाय ही किरणे डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतात.

या सगळ्या खटाटोपात एका जुन्या सवयीकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. ती सवय म्हणजे अंगठा जिभेला लावून नोटा मोजणे. पेढीवरचे मुनीम, किराणा दुकानदार, बसवाहक, घरचे आजोबा, आणि सांगायला संकोच वाटतो, पण बँकेतले अनुभवी रोखपालसुद्धा! नोट चिकटते, सरकत नाही, म्हणून हात आपोआप तोंडाकडे जातो. बँकांच्या काउंटरवर यासाठीच ओल्या स्पंजची छोटी वाटी ठेवलेली असते. पण कित्येक शाखांत तो स्पंज कोरडा ठणठणीत, टाचण्या खोचण्यासाठी वापरलेला दिसे. या सवयीत दुहेरी दोष आहे. आपली लाळ नोटेला लागते आणि नोटेवरचे जे काही असेल ते आपल्या जिभेवर येते. बोखुमच्या प्रयोगात जे अंतर विषाणूला ओलांडता येत नव्हते, ते आपण ओला अंगठा फिरवून त्याला पार करून देतो. एक माणूस शंभर नोटांची गड्डी मोजताना आठ-दहा वेळा तरी अंगठा ओला करतो, आणि ती गड्डी पुढे दुसरा तशीच मोजतो. घरात दोरीवर नोटा वाळत घालणारे गृहस्थ त्याच नोटा मोजताना अंगठा जिभेला लावीत असतील, तर सारी धुलाई पाण्यात गेली.

सवयी बदलत नाहीत असेही नाही. २००१ पर्यंत नोटांच्या गड्ड्यांना जाड तारेच्या टाचण्या मारल्या जात. ग्राहक त्या दाताने, चावीने, सुरीने उपसत, नोटांना भोके पडत, बोटे रक्ताळत. रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोट धोरणाखाली त्या वर्षी बँकांना टाचण्या थांबवून कागदी पट्ट्या वापरण्याचा आदेश दिला. सुरुवातीला शाखाशाखांत कुरकुर झाली, पट्टीतून एखादी नोट कुणी काढून घेईल अशी शंका घेतली गेली. आज टाचणी मारलेली गड्डी नव्या पिढीने पाहिलेलीही नाही. ओल्या अंगठ्याचे तसे होण्यास काय हरकत आहे?

नोटेच्या भीतीची आणखी एक बाजू होती आणि ती अधिक बोचरी होती. सोसायटीच्या फाटकावर भाजीवाला यायचा. त्याच्या हातून भाजी घेतली जाई, पण पैसे पिशवीत घालून दोरीने खाली सोडले जात आणि सुटे परत घेताना ‘तिथेच कट्ट्यावर ठेव’ असे वरून सांगितले जाई. कामवाल्या मावशींचा महिन्याचा पगार दाराबाहेरच्या पायरीवर दगडाखाली ठेवलेला असे. पैसे फेकून देण्याची आपली रीत नाही. भिक्षेकऱ्यालाही हातात किंवा पदरात देतात. सुरक्षित अंतर राखणे आवश्यकच होते. मात्र अंतर राखणे आणि माणसाला लांब लोटणे यांतील फरक देणाऱ्याच्या स्वरात कळतो, आणि घेणाऱ्याला तो नक्की कळत होता. वास्तविक धोका अधिक कुणाला होता? वरच्या मजल्यावरच्या ग्राहकाकडे दिवसात दोन नोटा येत, विक्रेत्याकडे दोनशे. ग्राहकाच्या घरात चोवीस तास नळ आणि साबण होता, विक्रेत्याला हात धुण्यासाठी फाटकाजवळचा नळही बंद असे. ज्या सोसायट्यांनी फाटकाशी पाण्याचे पिंप, साबण आणि पैसे ठेवण्यासाठी एक ताट ठेवले, त्यांनी दोन्ही बाजूंचे रक्षण केले. इंग्लंडमधील इयम या खेड्यात १६६५-६६ च्या प्लेगमध्ये गावकरी सीमेवरच्या दगडातील खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवीत आणि शेजारच्या गावचे लोक त्या बदल्यात अन्न ठेवून जात. रोगी गावाने बाहेरच्यांची काळजी घेण्यासाठी केलेली ती व्यवस्था होती.

इंदूरमध्ये एप्रिल २०२० मध्ये रस्त्यावर पडलेल्या नोटा पाहून लोकांनी कुणीतरी रोग पसरवण्यासाठीच त्या टाकल्या असे मानले आणि पोलिसांना बोलावले. पुढे कळले की, गॅस सिलिंडर पोहोचवणाऱ्या एका गरीब कामगाराच्या खिशातून त्या पडल्या होत्या.

रोखीची भीती अनेक ज्येष्ठांना मोबाईलकडे घेऊन गेली. एप्रिल २०२० मध्ये यूपीआयचे व्यवहार सुमारे १०० कोटी होते, ऑक्टोबरमध्ये त्यांनी २०० कोटींचा टप्पा ओलांडला. यात सोय निश्चितच होती. पण विषाणूपासून पळताना काही जण भामट्यांच्या हाती सापडले. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे सांगून खाते रिकामे करण्याचे प्रकार वाढले. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक घरातील ज्येष्ठांना पाठ असले पाहिजे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. उशीर जितका कमी, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. आणि पंचाहत्तरीच्या आजोबांना मोबाईल जमत नसेल तर त्यांच्यावर तो लादू नये. त्यांच्यासाठी रोख हीच सुरक्षित पद्धत आहे.

पुन्हा कधी अशी साथ आली, तर घरात करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. बाहेरून आलेले पैसे एका ठरावीक पाकिटात किंवा डब्यात ठेवावेत आणि लगेच साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. साबण विषाणूचे तेलकट आवरण फोडतो, म्हणून हातासाठी त्याहून स्वस्त आणि खात्रीचे औषध नाही. पैसे मोजताना तोंडाला, नाकाला, डोळ्यांना हात लावू नये. घाई नसेल तर नोटा चार दिवस तशाच पडू द्याव्यात, वेळ हाच त्यांचा साबण. रुपया-दोन रुपयांची नाणी पोलादाची असतात, ती खुशाल साबणाच्या पाण्यात धुवावीत. हातमोजे घातले म्हणून निर्धास्त होऊ नये, मोज्याचे बोटही नाकाला लागतेच. हाच विचार संस्थांनाही लागू पडतो. २०२० मध्ये राज्यातील मंदिरे बंद होऊन १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. महिनोन् महिने कुलपात राहिलेल्या दानपेटीतील नोटांना वेगळ्या शुद्धीची गरज नव्हती. गरज होती ती मोजायला बसणाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवून, अंतर राखून आणि स्पंजची वाटी जवळ घेऊन बसण्याची.

धुऊन, भाजून खराब झालेल्या नोटा अजूनही काही घरांत पडून आहेत. लाजेपोटी त्या कुणी बँकेत नेत नाही. नियम मात्र उदार आहेत. रंग उडालेली, मळलेली किंवा फाटलेली नोट कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत बदलून मिळते, तिथे खाते असण्याची अट नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा अखंड तुकडा असेल तर पूर्ण मूल्य मिळते. ५० रुपये व त्यावरील नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे मूल्य मिळते. करपलेल्या, कुरकुरीत झालेल्या किंवा सुटे करता येणार नाहीत इतक्या चिकटलेल्या नोटा मात्र शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. ठाणे-कल्याणकरांना फोर्ट किंवा बेलापूर गाठता येते. नोट अस्सल असल्याची खात्रीच पटेना, इतकी ती पुसली गेली असेल तर दावा फेटाळला जातो.

आणि तो तीन दिवसांसाठी बाजूला ठेवलेला डबा? काही घरांत तो माळ्यावर गेला आणि विस्मरणात गेला. त्यात २००० रुपयांच्या नोटा निघाल्या तर घाबरण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने त्या १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले. बँकांच्या शाखांतील मुदत त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला संपली, पण रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयांत त्या बदलण्याची किंवा टपाल कार्यालयामार्फत पाठवून आपल्या खात्यात जमा करून घेण्याची सोय त्यानंतरही ठेवण्यात आली. जाताना ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील बरोबर न्यावा. नोटांना इस्त्री करून नेण्याची आवश्यकता नाही.